करवंदीची जाळी तोडू नका!

यंदाच्या पावसाळ्यात सह्याद्रीच्या उघड्याबोडक्या डोंगरांवर झाडं लावायला निघालेल्या सर्व मंडळांना, शाळांना, गिर्यारोहकांना आणि गावकऱ्यांना हे कळकळीचं आवाहन आहे.

१ जुलैला वनमहोत्सव सुरू होतो. त्याआधी ठिकठिकाणी डोंगर ‘साफ’ केला जातो. करवंद, तोरण, निवडुंग कोयत्याने छाटून पेटवून देतात आणि मोकळ्या उतारावर ओळीने खड्डे घेतात. पावसाळाभर रोपं हिरवी दिसतात. पुढे ऊन तापतं, गुरं सुटतात आणि मे महिन्यात तिथे नुसत्या काटक्या उरतात. ही साफसफाई कृपा करून आत्ताच थांबवा.

भर उन्हाळ्यात एखाद्या जुन्या जाळीत वाकून पाहा. बाहेर मुरूम तापलेला असतो. आत पाल्याचा थर आणि त्याखाली काळी, भुसभुशीत माती असते. काट्यांमुळे गुरं तिथे सहसा तोंड घालत नाहीत. करवंदं खायला बुलबुल येतात आणि त्यांच्या विष्ठेतून इतर रानफळांच्या बिया तिथेच पडतात. या सगळ्या आसऱ्यामुळेच ऐन किंवा जांभळाचं पोर अनेकदा जाळीतूनच डोकं वर काढतं. स्पेनमधल्या सिएरा नेवाडा पर्वतात हजारो रोपांवर प्रयोग झाले. झुडपांच्या आडोशाला लावलेली रोपं उघड्यावरच्या रोपांपेक्षा जास्त जगली, असा त्यांचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला.

तेव्हा एवढं करा :

१. जागा वन विभागाची असेल तर आधी परवानगी घ्या.

२. रोप जाळीच्या कडेला, ईशान्येच्या बाजूला लावा. दुपारच्या उन्हात त्याला सावली मिळेल.

३. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा अशी त्याच डोंगरातली झाडं निवडा. गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ नकोत.

४. जिथे झुडूपच उरलेलं नाही, तिथे पहिल्या वर्षी करवंद आणि पांगारा लावा. पांगाऱ्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. बाकीची झाडं मागाहून लावा.

५. घाणेरी आणि रानमोडी बाहेरून आलेल्या आहेत, त्या काढा. मात्र त्यांच्या आड उगवलेली देशी रोपं राखून, टप्प्याटप्प्याने काढा.

६. होळीच्या आधी जाळरेषा काढा. एक वणवा रोपासकट जाळीही संपवतो.

७. रोप जाळीच्या वर गेलं की भोवतालच्या फांद्या बेताने छाटा. तोवर कोयता लावू नका.

ज्या डोंगरावर आज चार जाळ्या शिल्लक आहेत, तिथे जंगल परत येण्याची सोय आहे. ती आपल्याच हातांनी मोडू नका. किती खड्डे खणले हे सांगण्यापेक्षा तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती रोपं जगली ते मोजा, आणि हे आवाहन तुमच्या गावात, मंडळात, शाळेत पहिला पाऊस पडायच्या आत पोहोचवा.