झडप आणि धमनी: निर्णय एकत्रच हवा

जालना, बीड, परभणीकडून संभाजीनगरला घाटी रुग्णालयात येणारे सत्तरीपुढचे अनेक रुग्ण सांगतात: जिना चढला की दम लागतो, छाती भरून येते, भोवळ येते. घरचे म्हणतात, वय झालं. पण स्टेथोस्कोपला खरखर ऐकू येते आणि टूडी इकोत महाधमनीच्या झडपेचे तोंड एक चौरस सेंटिमीटरहून लहान झालेले दिसते. यातल्या अनेकांच्या हृदयाच्या धमन्याही अरुंद असतात. छातीतले दुखणे झडपेचे की धमनीचे, हे नुसत्या लक्षणांवरून ठरत नाही.

छाती उघडून शस्त्रक्रिया असेल तर झडप आणि बायपास एकाच वेळी उरकतात. मांडीतून नळी सरकवून झडप बसवायची, म्हणजे टावी, तर अरुंद धमनीत स्टेंटही घालायचा का, हा पेच पडतो. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नोशन-3 चाचणीत असे 455 रुग्ण होते. मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा तातडीची अँजिओप्लास्टी यांपैकी काहीतरी स्टेंट घातलेल्या 26 टक्के रुग्णांच्या वाट्याला आले, न घातलेल्या 36 टक्क्यांच्या. मात्र रक्तस्राव स्टेंटवाल्यांतच जास्त: 28 टक्के, दुसरीकडे 20. शिवाय अडथळा रक्तपुरवठा खरोखर रोखतो किंवा किमान 90 टक्के आहे, अशांनाच चाचणीत घेतले होते. म्हणून अँजिओग्राफीत अडथळा दिसताच स्टेंटची घाई आम्हाला मान्य नाही. हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र बसून, नातेवाइकांना रक्तस्रावाची जोखीम मराठीत समजावूनच सही घ्यावी. मराठवाड्यातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अशी साप्ताहिक बैठक सुरू व्हायला हवी. त्याला नवे यंत्र लागत नाही.