परिचारिकेचे आजारपण हा शिस्तभंग कसा?

सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातील परिचारिका तापाने फणफणली, कंबर धरून बसली किंवा रक्तदाब वाढून घरी पडली, तर पहिला प्रश्न तिच्या प्रकृतीचा निघत नाही. आजची रात्रपाळी कोण करणार, हाच प्रश्न निघतो. वर्षातून तीन-चार वेळा असे घडले की तिच्या हातावर ज्ञापन ठेवले जाते. आपण वारंवार अनधिकृतपणे गैरहजर राहता, आपणाविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई का करू नये? ठाणे, कळवा, कल्याण, डोंबिवलीकडून असे कागद घेऊन वकिलाकडे येणाऱ्या भगिनी थोड्या नाहीत. कोणी लातूर-परभणीकडून नोकरीसाठी येऊन कोपरीत तिघी-चौघींत मिळून एक खोली घेतलेली असते. कोणी टिटवाळा-आसनगावहून पहाटेची गाडी पकडत असते. त्यांच्यात आपल्या वस्त्यांतून शिकून पुढे आलेल्या मुली पुष्कळ आहेत. म्हणून हा प्रश्न चळवळीचा आहे, असे आम्ही मानतो.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. कृष्णकांत परमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले की, केवळ गैरहजेरी म्हणजे गैरवर्तन नव्हे. ती गैरहजेरी हेतुपुरस्सर होती, हे प्रशासनाने सिद्ध केले पाहिजे. आजारपण, अपघात, रुग्णालयात दाखल व्हावे लागणे अशा नाइलाजाच्या कारणाने कर्मचारी कामावर येऊ शकला नाही, तर त्याला कर्तव्यच्युत म्हणता येत नाही. ज्ञापन हाती पडलेल्या प्रत्येक भगिनीने हा निर्णय ध्यानात ठेवावा, मुदतीत लेखी उत्तर द्यावे, वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जोडावी आणि पोच घ्यावी. भीतीपोटी कोऱ्या कागदावर सही करून माफीनामा लिहून देऊ नये.

पण प्रश्न केवळ नोटिशीच्या उत्तराने सुटणारा नाही. त्याचे मूळ हिशेबात आहे, आणि हा हिशेब आस्थापना शाखेतल्या कोणत्याही लिपिकाला करता येईल. वर्षाच्या ३६५ दिवसांत साप्ताहिक सुट्या ५२. अर्जित रजा ३०. नैमित्तिक रजा ८. आजारपणात कामी येणारी अर्धवेतनी रजा २०. बेरीज झाली ११० दिवस. म्हणजे नियमाने मिळणारी प्रत्येक सुटी व रजा घेतली, तर कायम सेवेतील परिचारिका वर्षाचे ३० टक्के दिवस कामावर असणार नाही. सणावारच्या सुट्या आणि बाळंतपणाची १८० दिवसांची रजा यात धरलेलीच नाही. तेव्हा रोज दहा परिचारिका कामावर हव्या असतील, तर हजेरीपटावर निदान चौदा नावे पाहिजेत.

हे शहाणपण आम्ही नव्याने शोधलेले नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणात शिक्षण रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन खाटांमागे एक, इतर रुग्णालयांत पाच खाटांमागे एक आणि अतिदक्षता विभागात एका खाटेमागे एक परिचारिका सांगितली आहे, आणि त्यावर ३० टक्के रजा राखीव पदे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या कर्मचारी तपासणी पथकाने तर ४५ टक्के पदे जादा धरली. रजा राखीव याचा अर्थच असा की, माणूस आजारी पडणार, त्याच्या घरी लग्न-मयत होणार, बाईला मूल होणार, हे गृहीत धरून पदे निर्माण करायची. आणि व्यवहारात काय होते? भरती रखडते, मूळ पदेच रिकामी राहतात, आणि जिथे मूळ पद रिकामे तिथे राखीव पदाला विचारतो कोण? मग एक जण आजारी पडली की दुसरी सलग दोन पाळ्या करते. आठवड्याने दुसरी आजारी पडते, तिचे काम तिसरीवर येते. अशा वेळी प्रशासन ज्याला ‘गैरहजेरीचे वाढते प्रमाण’ म्हणते, ते त्याच्याच रिकाम्या खुर्च्यांचे पीक असते.

त्यात या कामाचे आजार वेगळेच. रुग्णाला उचलून-वळवून पाठीचे मणके झिजतात. क्षयरोग्याच्या खोकल्यात उभे राहून क्षयाची लागण होते. वापरलेली सुई टोचून काविळीचा धोका असतो. रात्रपाळ्यांनी झोप, पाळी, पचन सगळेच बिघडते. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत कर्मचाऱ्यांच्या आजारपणाच्या रजेचे आकडे दरमहा जाहीर होतात, आणि त्यात चिंता, ताण व नैराश्य हे सर्वांत मोठे कारण दिसते. तिथे आजारपण हा व्यवस्थेची नाडी पाहण्याचा मार्ग ठरतो. आपल्याकडे मात्र परिचारिकेच्या आजारपणाची नोंद होते ती तिच्याच सेवापुस्तकात, तिच्याविरुद्ध!

याची किंमत कोण मोजतो? ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ५०० खाटांचे ते रुग्णालय. नव्या इमारतीसाठी जिल्हा सामान्य रुग्णालय तेव्हा मनोरुग्णालयाच्या आवारात हलवलेले होते, आणि जिल्ह्याचा भार कळव्यावर लोटला होता. त्या वेळी राज्याचा मुख्यमंत्री याच शहराचा, कोपरी-पाचपाखाडीचा आमदार होता! पुढे सप्टेंबर संपता संपता नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. प्रत्येक मृत्यूचे कारण मनुष्यबळाची टंचाई होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण क्षमतेपेक्षा जास्त रुग्ण आणि मोजकेच हात असलेल्या कक्षात सलाइन संपल्याचे कोणाच्या लक्षात यावे? कोपरीच्या चाळीतल्या कामगाराला, कोळीवाड्यातल्या म्हातारीला खासगी रुग्णालयाची पायरी परवडत नाही. कळवा किंवा सिव्हिल हाच त्यांचा आधार. परिचारिकेवर पडणारा ताण अखेर याच गरिबाच्या खाटेवर उतरतो.

यावर अधिकारीवर्गाचे ठरलेले उत्तर असते की, जाहिरात काढली तरी परिचारिका येत नाहीत, आल्या तर टिकत नाहीत. मग त्या यायला हव्यात म्हणून आपण काय देतो? कंत्राटावर येणाऱ्या मुलीला ठोक मानधन मिळते, त्यात घरभाडे वेगळे नसते. रात्री अकराला सुटणारीला घरी पोचवायला गाडी नाही. गावाकडून येणारीने ठाण्यात अनामत रक्कम भरून खोली घ्यायची कशाच्या जोरावर? आदिवासी व नक्षलग्रस्त भागात जाणाऱ्यांसाठी राज्याने ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता दिला खरा, पण त्याला कमाल मर्यादा घातली १५०० रुपयांची!

आता हेच सरकार दुसरीकडे काय करते ते पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतील बाडेन-वुर्टेनबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिकाही आहेत, आणि त्यांना जर्मन भाषा शिकवण्याचा खर्च सरकार उचलणार, असे जाहीर झाले. ब्रिटनमधील कित्येक सरकारी रुग्णालये परदेशी परिचारिकेला विमानाचे तिकीट, व्हिसाचा खर्च, परीक्षेची फी आणि सुरुवातीच्या दिवसांची राहण्याची सोय देतात. आमच्या मुलींनी जरूर जावे. बाबासाहेब परदेशी गेले नसते तर काय झाले असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण जी मुलगी स्टुटगार्टला जाणार तिला सरकार भाषा शिकवते, आणि जी परभणीहून ठाण्याला येते तिला एक खाट आणि एक कपाट देत नाही, हा कुठला न्याय? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांनाही रजा, कामाचे तास, वाहतूक व निवास या सोयी राज्य सरकारी परिचारिकांप्रमाणे मिळाव्यात, अशी शिफारस केली होती. दोनशेहून अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात सरकारी परिचारिकेइतकाच पगार आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या ठिकाणीही किमान २० हजार रुपये, असे त्या समितीने म्हटले होते. जिथे सरकारच आपल्या कंत्राटी परिचारिकेला घर देत नाही, तिथे ते खासगी मालकाला कोणत्या तोंडाने विचारणार?

प्रोत्साहनाच्या बाबतीत एक सावधगिरीचा इशाराही दिला पाहिजे. पैसे देऊन आणायचे आणि बंधपत्राने जखडायचे, असा प्रकार जगभर चालतो. ब्रिटनमध्ये मुदतीआधी नोकरी सोडणाऱ्या परदेशी परिचारिकांकडून खर्च वसूल करण्याच्या अटी उघडकीस आल्या आहेत. आपल्याकडे २०११ साली मुंबईच्या खासगी रुग्णालयांत केरळच्या परिचारिकांना बंधपत्राविरुद्ध संप करावा लागला. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याची रीतही जुनीच आहे. आपल्या समाजाला हा फास नवा नाही. महार वतन म्हणजे तरी काय होते? जमिनीचा एक तुकडा द्यायचा आणि त्या बदल्यात अख्ख्या घराला रात्रंदिवस राबवायचे. आजारी असो, मयत असो, हाक आली की धावले पाहिजे. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. परिचारिकेला मिळणारी सोय हा तिचा हक्क असला पाहिजे. तिच्या बदल्यात रजा मागण्याचे, नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य गहाण पडत असेल, तर ते नवे वतन होय.

याच १९२८ साली बाबासाहेबांनी त्याच सभागृहात प्रसूतीच्या भरपगारी विश्रांतीसाठी आवाज उठवला होता. ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना प्रा. अडारकर यांच्याकडून कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार झाली, आणि तिच्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. २०२५ च्या नोव्हेंबरपासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असला, तरी आजारी कामगाराला वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन हे त्याचे सूत्र ठेकेदाराकडील विमापात्र परिचारिकेला लागू होते. वागळे इस्टेटमध्ये कामगार विमा रुग्णालय उभे आहे. पण ठेकेदाराने तिची नोंदच केली नसेल तर? हजेरीपटावरील स्त्रियांनाही प्रसूतीचे लाभ मिळालेच पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात बजावले. तरी अकरा महिन्यांच्या नेमणुकीवरची मुलगी आपण गरोदर आहोत हे सांगायला घाबरते.

कंत्राटीकरणाचा दुसरा घाव आरक्षणावर आहे. ठेकेदाराच्या यादीत बिंदुनामावली नसते, अनुशेष नसतो. म्हणून २०२२ च्या मे-जूनमध्ये राज्यातील परिचारिका बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संपावर गेल्या, आणि जुलै २०२५ मध्ये वेतनातील तफावत व कंत्राटी भरतीच्या प्रश्नावर त्यांना पुन्हा उतरावे लागले. बाह्ययंत्रणेकडून भरतीचा सप्टेंबर २०२३ चा शासन निर्णय जनतेच्या रेट्यामुळे ऑक्टोबरात रद्द करावा लागला, हे विसरू नये. संघटित आवाजाला सरकार नमते.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. रिक्त पदे आरक्षणासह नियमित भरतीने भरा आणि रजा राखीव पदे वेगळी दाखवा. कंत्राटी आणि कायम, दोघींना आजारपण व प्रसूतीची सारखी रजा द्या. बाहेरगावाहून येणाऱ्या परिचारिकेला रुग्णालयाजवळ वसतिगृह किंवा पूर्ण घरभाडे आणि रात्री घरापर्यंत वाहन द्या, बंधपत्राशिवाय. आजारपणाच्या रजेचे आकडे रुग्णालयवार जाहीर करा.

आणि कार्यकर्त्यांनी काय करावे? आपल्या भागातील सरकारी व महापालिका रुग्णालयात २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाकावा. मंजूर पदे किती, भरलेली किती, रजा राखीव किती, आणि गेल्या वर्षात आजारपणाच्या रजेसाठी किती परिचारिकांना ज्ञापने दिली, एवढे चार प्रश्न पुरेत. दहा रुपयांचा तो अर्ज आहे. त्याचे उत्तर हाती आले की, गैरहजर कोण आहे, परिचारिका की सरकार, हे कोपरीपासून कल्याणपर्यंत प्रत्येक वस्तीला पुराव्यानिशी सांगता येईल.