केसांच्या गोळीला चिठ्ठी हवीच

माळशेजच्या वाटेवरच्या टोकावड्यात काय किंवा मुंबईत काय, पंचविशीतल्या मुलाचे केस विरळ झाले की लग्नाच्या बैठकीत नजर आधी तिथेच जाते. त्याची ही काळजी खरी आहे, तिला कोणी हसू नये. पण तिच्यापायी मित्राच्या सांगण्यावरून फिनास्टेराइड ही केसगळतीवरची गोळी सुरू करणे धोक्याचे आहे.

हे औषध अमेरिकेत १९९२ मध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीवरील उपचार म्हणून मंजूर झाले. टकलासाठी १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ मध्ये आली. केसांची मुळे बारीक करणारे डीएचटी हे संप्रेरक ती कमी करते. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. गोळी थांबली की वर्षभरात मिळवलेले केस जातात. काहींची कामेच्छा मंदावते, काहींना नैराश्य येते. आत्महत्येचे विचार हाही दुष्परिणाम असल्याचे युरोपीय औषध संस्थेने २०२५ मध्ये मान्य केले. गर्भवतीने फुटलेल्या गोळीला हातही लावू नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांत दोष राहू शकतो. ते रक्त गर्भवतीला दिले जाऊ शकते, म्हणून गोळी घेत असताना आणि सोडल्यावर महिनाभर रक्तदानही करू नये. लपवून गोळी घेणाऱ्याच्या घरी हे कोण सांगणार?

अनुसूची ‘एच’मधले हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकणे बेकायदा आहे. अन्न व औषध प्रशासनाने ग्रामीण भागातली दुकाने आणि ऑनलाइन विक्री दोन्ही तपासावीत. मुरबाड-शहापूरच्या सरकारी रुग्णालयांत त्वचारोगतज्ज्ञाचा महिन्यातून एक तरी दिवस ठरवून द्यावा. आणि तरुणांनो, पहिली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना भेटा.