टुमदार म्हणे!

मागच्या लाँग वीकेंडला कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला जाऊन आलो. मित्रांना फोटो पाठवले तर एकजात सगळ्यांचं उत्तर: "काय टुमदार गाव आहे रे!" त्यातले दोघे तर म्हणाले, "अगदी माथेरानची टॉय ट्रेन!"

मंडळी, टुमदार वगैरे काही नाही. हे गाव १८८० मध्ये एका रेल्वे कंपनीने धंद्यासाठी वसवलं. दोनेक मैलांवर ॲनिमस सिटी नावाचं गाव आधीपासून होतं, पण ते कंपनीच्या अटींना तयार होईना. मग कंपनीने शेजारी स्वतःचंच गाव काढलं आणि जुनं गाव बसलं. (क्लायंटला नाही म्हणून बघा, तेच होतं.) १८८२ मध्ये लाइन ४५ मैलांवरच्या सिल्व्हर्टनला पोचली, ती चांदी-सोन्याचं खनिज खाली आणायला. तीन फुटी गेजसुद्धा हौसेचं नाही. नदीकाठचा कडा फोडून वळणं काढायची तर अरुंद रूळ स्वस्त पडतात, बस्स. आणि खाणींचे ते डोंगर १८७३ च्या करारापर्यंत यूट लोकांचे होते. स्टेशनवर विकायच्या मगवर हे कोण छापणार?

गावात स्मेल्टर होतं, पुढे तिथेच युरेनियमवर प्रक्रिया व्हायची. आज त्या जागी कुत्र्यांना मोकळं सोडायचं पार्क आहे. ज्या ॲनिमस नदीचे फोटो तुम्हाला आवडले, ती ऑगस्ट २०१५ मध्ये चक्क नारिंगी झाली होती. वरच्या गोल्ड किंग खाणीतून तीस लाख गॅलन दूषित पाणी सुटलं. सुटलं कधी, तर सरकारी पर्यावरण खात्याचीच माणसं तिथे काम करत असताना!

जून २०१८ मध्ये आग लागली. सुमारे ५४ हजार एकर जंगल गेलं. कोळशाच्या इंजिनाच्या ठिणगीने लागली, असं सरकार कोर्टात म्हणालं. २०२२ मध्ये रेल्वेने दोन कोटी डॉलर द्यायचं मान्य करून खटला मिटवला, दोष मात्र कबूल केला नाही. आगीनंतर एकेक इंजिन तेलावर आणायला सुरुवात झाली. आणि माझ्या डब्यातल्या काकूंची तक्रार काय? कोळशाचा वास नाही, "ऑथेंटिक" वाटत नाही! अहो, १८८२ च्या ड्रायव्हरला डिझेल मिळालं असतं तर त्याने वाफेकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. काजळी त्याच्या फुफ्फुसात जात होती, तुमच्या अल्बममध्ये नाही.

असो. गाडीत मीही बसलोच, शिट्टी वाजल्यावर लहान पोरासारखा खिडकीतून बाहेरही वाकलो. पण यापुढे जो कोणी "टुमदार" म्हणेल त्याला त्या नारिंगी नदीचा फोटो पाठवणार आहे.