आमचा फेल्टचा राजगड

दिवाळीची सुट्टी लागली की अंगणात माती येऊन पडायची. विटा-दगड रचून त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट पसरले, की डोंगर उभा राहायचा. मग अळीव पेरायचे आणि हिरवळ उगवली का, हे पाहायला दिवसातून दहा वेळा धावायचे. दिवाळीतला किल्ला महाराष्ट्रातल्या मुलांना कुणी शिकवावा लागत नाही. पण ते अंगण आज कितीजणांच्या वाट्याला येते?

आम्ही सदनिकेत राहायला आलो आणि पहिल्याच दिवाळीला फळ्यावर सूचना लागली, 'आवारात माती आणू नये.' धाकटा भाऊ रडकुंडीला आला. बाबांनी तोडगा काढला, बाजारातून तयार किल्ला आणू. दुकानात प्लॅस्टरचे किल्ले ओळीने मांडले होते. प्रत्येकाला चार बुरूज, एक दरवाजा आणि वर भगवा. भावाने विचारले, "यातला राजगड कोणता?" दुकानदार हसून म्हणाला, "तू म्हणशील तो!" आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो.

घरी माझ्याकडे हस्तकलेसाठी आणलेले फेल्टचे तुकडे होते. फेल्ट विणलेले नसते, तंतू दाबून केलेले असते. म्हणून कसेही कापले तरी त्याचे दोरे सुटत नाहीत. मात्र ते उभे राहत नाही. आम्ही दोन थरांमध्ये पुठ्ठा घालून कडेने काजटाका घातला आणि तट उभा केला. रिकाम्या रिळांना करडे फेल्ट गुंडाळले, ते बुरूज झाले. जुन्या चिंध्या भरून डोंगर केला. आजोबा प्रथम म्हणाले, "चिंध्यांचा किल्ला कुणी पाहिलाय का गं?" पण तासाभराने तेच चष्मा लावून जवळ येऊन बसले.

कारण राजगड करायचा तर तो ठाऊक असावा लागतो. मध्ये उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पसरलेल्या पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या. सुवेळा माचीवरच्या कातळातले नेढे आम्ही कात्रीने एका झटक्यात पाडले! संजीवनीशी मात्र अडलो. तिथे तटबंदी दुहेरी आहे. भावाने विचारले, "ताई, दोन भिंती कशाला?" मला उत्तर देता येईना. आजोबा म्हणाले, "बाहेरची पडली तरी आतली लढते, बाळा." इतिहासाच्या पेपरात मी राजगडावर टीप लिहिली होती, आणि तिला गुणही चांगले मिळाले होते. पण ती दुसरी भिंत मला कळली, ती सुई हातात धरल्यावर.

इथवरची गोष्ट कौतुकाची आहे. मला सांगायचे आहे ते पुढचे. गेल्या दिवाळीत तोच राजगड आम्ही खोक्यातून काढला, धूळ झटकली आणि गॅलरीत मांडला. त्यावर मावळ्यांची चित्रे ठेवली. पाच मिनिटांत काम संपले. भाऊ म्हणाला, "झालं?" आणि मोबाईल घेऊन आत गेला. त्या क्षणी मला कळले, की आमचा किल्लाही आता दुकानातला झाला आहे!

मातीचा किल्ला दिवाळीनंतर मोडतो, याची लहानपणी फार हळहळ वाटे. आता वाटते, त्याचे मोठेपण त्या मोडण्यातच आहे. तो मोडतो म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा करावा लागतो, आणि करावा लागतो म्हणून कुणाला तरी विचारावे लागते. किल्ला पाहुण्यांना दाखवण्यासाठी नसतो, तो करण्यासाठी असतो. तयार किल्ल्याला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठीच.

कुणी म्हणेल, फेल्टच्या किल्ल्याला मातीची सर नाही. अगदी मान्य! फेल्टवर अळीव उगवत नाही, त्याला ओल्या मातीचा वास नाही, आणि चिखल तुडवायला चार सवंगडी जमतात तसे सुईभोवती जमत नाहीत. म्हणूनच आवाराचा एक कोपरा दिवाळीपुरता मुलांना द्यावा, असा अर्ज आम्ही मुलांच्या सह्यांनिशी सोसायटीला दिला आहे. पण जागा नाही ही सबब सांगून हात बांधून बसणे मला पटत नाही.

2025 साली युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला. त्यांतले 11 महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. आपण पेढे वाटले, हे योग्यच झाले. पण त्यांतल्या किती किल्ल्यांचा आकार आपल्या बोटांना ठाऊक आहे?

आम्ही राजगडाचे टाके उसवले आहेत. तेच तुकडे घेऊन यंदा सिंधुदुर्ग करायचा आहे. निळे फेल्ट तेवढे नवे आणले. त्याचा दरवाजा बुरुजांच्या आड असा दडवला आहे, की समुद्रावरून तो सहजी दिसू नये. तो कसा शिवायचा, यावर भावाचा आणि आजोबांचा वाद कालपासून चालू आहे.

मित्रमैत्रिणींनो, हा वाद कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही!

— द्वितीय वर्ष, कला