इंधनाचा हिशेब कोण फेडतो?

गोमंतकातील कितीतरी घरांत शहाबादी फरशी आहे. हे शहाबाद कलबुर्गी जिल्ह्यातले, आणि त्याच्या शेजारच्या वाडीतून सिमेंट निघते. आमच्या इमारतींवर राबणारे अनेक मजूरही उत्तर कर्नाटकातून येतात. तेव्हा बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात बांधकामाची यंत्रे कोणत्या शक्तीवर चालवावीत, हा प्रश्न आम्हांस परका मानता येणार नाही.

पंधराव्या शतकात बहामनी राजवटीत बिदरजवळ नौबादचा भुयारी जलमार्ग जांभा फोडून काढला गेला, तो निव्वळ मनुष्यबळावर. २०१७ साली सुरू झालेला बिदर-कलबुर्गी लोहमार्ग यंत्रांनी उभारला. मनुष्याचे कष्ट यंत्राने हलके केले, ही इष्टच गोष्ट. परंतु यंत्राला पोसायचे कशावर, याचा विचार मात्र काम सुरू झाल्यावर, घाईगर्दीत केला जातो.

विजेची तात्पुरती जोडणी मिळेपर्यंत थांबायचे कोणी, म्हणून ठेकेदार डिझेलचे जनित्र आणतो. लहान जनित्र एका लिटरमागे जेमतेम तीन युनिट वीज देते. डिझेलचा भाव तिनाने भागावा, म्हणजे ही सोय किती महाग पडते ते कळेल. काँक्रीटचा मिक्सर, पाण्याचा पंप, सामान चढविणारा लिफ्ट, फरशी कापण्याचे यंत्र ही एका जागी चालणारी यंत्रे विजेवरच चालवावीत. उत्खनन यंत्र आणि रोलर सतत फिरतात, आणि माळरानावर तारा पोहोचलेल्या नसतात. तेथे डिझेलला आमचा विरोध नाही.

खरा प्रश्न पैशाचा नसून प्राणाचा आहे. विहिरीत किंवा खोल पायात उतरवलेले पेट्रोलचे वा डिझेलचे इंजिन कार्बन मोनॉक्साइड सोडते. या वायूला रंग नाही, वास नाही. मजूर चक्कर येऊन पडतो, आणि त्याला काढावयास उतरलेलाही त्याच वाटेने जातो. म्हणून इंजिन वर ठेवून खाली फक्त नळी सोडावी, किंवा विजेचा पाणबुडी पंप वापरावा. वीजही निर्धोक नाही. ओल्या गिलाव्यावरून फाटकी केबल ओढली, तर तीही जीव घेते. चांगले अर्थिंग आणि ३० मिलीअँपिअरला वीज तोडणारा सुरक्षा स्विच यांचा खर्च कोणत्याही ठेक्यात किरकोळच.

यास्तव आमची सूचना एवढीच की, सरकारी कामांच्या निविदेतच कोणते यंत्र कोणत्या शक्तीवर चालेल हे नमूद व्हावे, जोडणीचा खर्च अंदाजपत्रकात धरावा, आणि जोडणीचा अर्ज पहिली कुदळ पडण्यापूर्वी केला जावा. नियम बिदरला करावा आणि पणजीला विसरावा, असे मात्र होऊ नये. आज इंधनाची निवड ठेकेदार करतो आणि तिची किंमत मजूर मोजतो. हा हिशेब उलटविणे हे शासनाचे कर्तव्य आहे.