‘बाहेरचं झालं’ म्हणजे नेमकं काय झालं?

“डॉक्टर साहेब, याले बाहेरचं झालं जी.” चंद्रपूर-गडचिरोलीकडे दवाखाना चालवणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं आहे. बहुतेक वेळा ते हळू आवाजात सांगितलं जातं, कारण डॉक्टर रागावतील अशी भीती असते. माझं म्हणणं उलट आहे. हा शब्द डॉक्टरसमोर मोकळेपणाने बोला. तो लपवलात तर आम्हाला अर्धा आजार कळतच नाही.

शब्दाकडे जरा नीट पाहा. ‘बाहेरचं’ म्हणजे बाहेरचं काय? ते आपण मुद्दाम बोलत नाही. भूत, हडळ, चकवा ही नावं गोष्टी सांगताना चालतात. घरात माणूस आजारी असताना ती तोंडातून काढत नाहीत. (पाळी आलेल्या बाईलाही ‘बाहेरची’ म्हणतात. नाव घ्यायचं नाही ते बाहेर ढकलायची आपली सवय जुनीच.) त्यामुळे या एका शब्दात किती तरी लक्षणं मावतात: नसलेली माणसं दिसणं, हाका ऐकू येणं, एकटंच बडबडणं, डोळे फिरवणं, घरच्यांना न ओळखणं.

समोर काही नसताना दिसणं किंवा ऐकू येणं याला आम्ही ‘भास’ म्हणतो. रुग्ण नाटक करत नसतो, त्याला ते खरंच दिसत असतं. शोधायचं असतं ते एवढंच, की त्याचा मेंदू असा का वागतोय.

आपल्या भागात पहिला संशय मलेरियाचा घ्यावा. फाल्सिपेरम जातीच्या मलेरियात बाधित रक्तपेशी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आधी ताप, मग असंबद्ध बोलणं, झटके, बेशुद्धी. लहान मुलांत हे सगळं एका दिवसातही होऊ शकतं. बोटातून थेंबभर रक्त घेऊन अर्ध्या तासाच्या आत तपासणी होते. ताप आणि बडबड एकत्र दिसली तर मात्र तपासणीची वाटही पाहू नका, 108 ला फोन करा.

सप्टेंबर 2024 मध्ये अहेरी तालुक्यात तापाने आजारी असलेल्या दोन लहान भावांना आधी पुजाऱ्याकडे नेलं गेलं. दोघंही वाचले नाहीत. आईवडील मुलांचे मृतदेह खांद्यावर घेऊन चिखलातून चालत गेले, ते दृश्य राज्याने पाहिलं. सगळा दोष त्या आईवडिलांच्या माथी मारणं मला पटत नाही. पुजारी जवळ असतो, दवाखाना लांब, आणि पावसाळ्यात रस्ता नसतो.

दुसरी गोष्ट मण्यारची. हा साप रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दुखत फारसं नाही, खूणही कित्येकदा सापडत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. घरचे म्हणतात, रात्री काहीतरी लागलं. लागलेलं असतं ते विष, आणि त्यावर सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या प्रतिविषाच्या इंजेक्शनखेरीज औषध नाही. श्वास घेणारे स्नायू थकायच्या आत पोहोचायला हवं.

दारूचंही सांगतो. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात 2015 ते 2021 होती. पिणारे तरीही भेटतातच. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली, की दोन-चार दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो आणि अंगावर किडे चालताना, कोपऱ्यात माणसं उभी असलेली दिसतात. त्याला बांधून ठेवू नका. यात जीव जातो आणि उपचाराने वाचतोही.

झोपेतून जाग आल्यावर छातीवर कोणी बसल्यासारखं वाटून हलता न येणं हे मात्र निरुपद्रवी आहे. गेलेल्या माणसाची हाक दुःखाच्या दिवसांत ऐकू येणं, हेही वेड नव्हे. महिनोन्‌महिने आवाज येत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ.

या शब्दाची मला खरी भीती वाटते ती वेगळ्याच कारणाने. ‘बाहेरचं’च्या पुढची जागा रिकामी असते, आणि मूल बरं होईना की कोणीतरी विचारतं, “कोणाचं?” मग तिथे शेजाऱ्याचं नाव बसतं. ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्दला म्हाताऱ्या माणसांना आणि बायांना भर गावात बांधून मारलं. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात दोघांना जाळून मारलं. दोन्हीकडे संशय जादूटोण्याचा. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्यासाठी मारहाण करणं आणि साप चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र टाकणं, हे दोन्ही गुन्हे आहेत.

तेव्हा दवाखान्यात आलात की ‘बाहेरचं झालं’ यावर थांबू नका. ताप कधी आला, शेवटचं नीट कधी बोलला, काय दिसतं म्हणतो, कुठे झोपला होता, दारू कधीपासून बंद आहे, पुजाऱ्याने काही पाजलं का, हे सगळं सांगा. पाजलं असेल तर कशाचा पाला होता तेही. आणि घरी पूजा करायचीच असेल तर ती घरात राहिलेल्यांनी करावी. रुग्ण तोवर गाडीत बसलेला हवा.